कोकण किनाऱ्यावरील उधाण व उंच लाटांचा पूर्वअंदाज

कोकण किनाऱ्यावरील उधाण व उंच लाटांचा पूर्वअंदाज म्हणजे महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्यावर पाण्याची पातळी केव्हा, कोठे आणि किती वाढेल हे आधी सांगण्याची पद्धती होय. पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांना अरबी समुद्राचा किनारा किंवा खाड्या लाभल्या आहेत. हा किनारा पश्चिमेकडून खुला असून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उंच लाटा त्यावर थेट आदळतात. किनाऱ्यावरील पाण्याची पातळी एका कारणाने ठरत नाही. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने येणारी भरती, वादळामुळे समुद्राला येणारा फुगवटा, जवळच्या व दूरच्या वाऱ्यांनी उठलेल्या लाटा आणि जमिनीवरून येणारे पावसाचे पाणी या चार घटकांचा तो एकत्रित परिणाम असतो. भरती अनेक वर्षे आधी, दूरच्या लाटा काही दिवस आधी, चक्रीवादळ तीन ते पाच दिवस आधी, तर स्थानिक अतिवृष्टी बहुधा काही तासच आधी सांगता येते. हे घटक एकाच वेळी जुळून येतील काय, हे ठरविणे हा पूर्वअंदाजाचा मुख्य प्रश्न आहे.

## संज्ञा

समुद्राचे पाणी चढण्यास भरती व उतरण्यास ओहोटी म्हणतात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र, सूर्य आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, तेव्हा येणाऱ्या मोठ्या भरतीस उधाणाची भरती म्हणतात. शुक्ल व कृष्ण अष्टमीच्या सुमारास चंद्र व सूर्याची आकर्षणे परस्परांशी काटकोनात असतात, त्यामुळे येणाऱ्या लहान भरतीस भांगाची भरती म्हणतात. प्रत्यक्षात सर्वांत मोठी भरती बहुधा अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते.

बोलीभाषेत 'समुद्राला उधाण आले' असे म्हणताना मोठी भरती, खवळलेल्या लाटा किंवा दोन्ही अभिप्रेत असू शकतात. शास्त्रीय पूर्वअंदाजात मात्र या गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात. चक्रीवादळातील कमी हवेचा दाब व किनाऱ्याकडे वाहणारे वारे यांमुळे समुद्राची पातळी नेहमीच्या भरतीपेक्षा जितकी वर चढते, त्या वाढीस या लेखात वादळी फुगवटा म्हटले आहे. दूरच्या वादळातून निघून, वाऱ्याचा प्रदेश सोडून हजारो किलोमीटर प्रवास करणाऱ्या लांब लाटांना स्वेल लाटा म्हणतात.

## पातळी ठरविणारे घटक

### भरती

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. दोन्ही भरत्यांची उंची सारखी नसते. पावसाळ्यातील उधाणात दुपारची भरती, तर हिवाळ्यातील उधाणात मध्यरात्रीची भरती अधिक मोठी असते. मुंबईतील जून ते सप्टेंबरच्या मोठ्या भरत्या भर दुपारी येतात, त्याचे कारण हेच होय.

भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. म्हणून गोवा व मालवण येथे भरती मुंबईच्या आधी येते. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. या उथळ पाण्यात भरतीची उंची वाढत जाते. गोव्याजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक सुमारे दोन मीटर किंवा त्याहून थोडा कमी असतो, मुंबईत तो साडेतीन मीटरांहून अधिक होतो, तर गुजरातेत खंभातच्या आखातात तो दहा मीटरांच्या आसपास पोहोचतो.

### वादळी फुगवटा

हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने वर येते. याहून मोठा वाटा वाऱ्याचा असतो. किनाऱ्याकडे सतत वाहणारा जोरदार वारा पाणी लोटत आणतो आणि समुद्र जितका उथळ तितके हे पाणी अधिक चढते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे पश्चिमेकडून येऊन कोकणात शिरणाऱ्या वादळाच्या दक्षिणेकडील भागात वारे समुद्राकडून जमिनीकडे, तर उत्तरेकडील भागात जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. वादळ नेमके कोठे जमिनीवर येणार यात पन्नास किलोमीटरांचा फरक पडला, तरी एखाद्या गावी पाणी चढेल की उलट ओसरेल हे बदलू शकते.

### लाटा

कोकणात तीन प्रकारच्या लाटा महत्त्वाच्या आहेत. पहिल्या प्रकारच्या लाटा जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे उठतात. वर्षातील बहुतेक उंच लाटा याच काळात नोंदल्या जातात. दुसऱ्या प्रकारच्या लाटा हिवाळ्यात अरबस्तानाच्या बाजूने वाहणाऱ्या 'शमाल' वाऱ्यांमुळे निर्माण होतात व वायव्येकडून येतात. तिसऱ्या प्रकारच्या लाटा दक्षिण हिंदी महासागरातील वादळांतून निघालेल्या स्वेल लाटा असून त्या मुख्यतः पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत, स्थानिक हवा शांत असतानाही किनारा गाठतात. केरळात या प्रकाराला 'कळ्ळक्कडल' म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र असे नाव आहे. युनेस्कोने हा शब्द २०१२ मध्ये शास्त्रीय संज्ञा म्हणून स्वीकारला.

किनाऱ्याजवळ लाटा फुटतात तेव्हा त्या पाणी पुढे ढकलतात आणि फुटण्याच्या रेषेच्या आत समुद्राची सरासरी पातळीही काही प्रमाणात वाढते. त्यामुळे उंच लाटांच्या दिवशी भरतीच्या कोष्टकात दिलेल्या पातळीपेक्षा पुळणीवर पाणी अधिक आत येते.

### पाऊस व नद्या

सह्याद्रीतून उतरणाऱ्या कोकणातील नद्या लांबीने लहान आणि उताराने तीव्र आहेत. मुसळधार पावसाचे पाणी काही तासांत खाडीपर्यंत पोहोचते. त्या वेळी खाडीत भरती चढत असेल, तर नदीच्या पाण्याला वाट मिळत नाही आणि ते मागे फुगते. सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या खोऱ्यांत, तसेच मुंबईतील नाल्यांमध्ये हा परिणाम वारंवार दिसतो.

## भरतीचे गणित

### पाऊणकी

भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची रीत कोकणात जुनी आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले असता भरतीची अंदाजी वेळ तासांत मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. त्या दिवशी पहाटे तीन व दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळी नऊ व रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. कृष्णपक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते.

या रीतीमागील कारण सोपे आहे. चांद्रमासातील तीस तिथींमध्ये भरतीची वेळ एकूण चोवीस तास पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला सुमारे ४८ मिनिटे. पाऊणकीत ती ४५ मिनिटे धरली जाते. त्यामुळे पक्षाच्या अखेरीस अंदाज पाऊण तासापर्यंत मागे पडू शकतो. ही रीत मुंबई व आसपासच्या किनाऱ्याला चांगली लागू पडते, दक्षिणेकडे भरती लवकर येत असल्याने तेथे फरक करावा लागतो. पाऊणकीतून वेळ कळते, उंची मात्र कळत नाही.

### भरती-ओहोटीची कोष्टके

उंचीचा अंदाज हरात्मक पृथक्करणाने काढतात. भरती ही वेगवेगळ्या आवर्तकालांच्या अनेक घटकांची बेरीज मानली जाते. त्यांतील मुख्य चांद्र घटकाचा आवर्तकाल १२.४२ तास, मुख्य सौर घटकाचा १२ तास, तर दिवसातून एकदा येणाऱ्या दोन प्रमुख घटकांचे आवर्तकाल २३.९३ व २५.८२ तास आहेत. एखाद्या बंदरातील पातळीच्या दीर्घ नोंदींवरून प्रत्येक घटकाचा आकार व वेळ ठरविली की पुढील अनेक वर्षांची भरती मांडता येते. चंद्राच्या कक्षेच्या कलाचे १८.६ वर्षांचे चक्र आणि चंद्राचे पृथ्वीपासूनचे कमी-अधिक अंतरही या हिशेबात धरले जाते.

मुंबईतील अपोलो बंदर येथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध असून त्या आशियातील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी एक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय बंदरांची भरती काढण्यासाठी एडवर्ड रॉबर्ट्स यांनी रचना केलेले, चाके व कप्प्यांचे भरतीगणक यंत्र वापरले गेले. आता भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो.

कोष्टकातील उंची सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजलेली असते. अपोलो बंदर येथे या शून्यापासून समुद्राची सरासरी पातळी २.५१ मीटर, उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी ४.४२ मीटर, भांगाच्या भरतीची ३.३० मीटर, भांगाच्या ओहोटीची १.८६ मीटर आणि उधाणाच्या ओहोटीची ०.७६ मीटर धरली जाते. उधाण व भांग यांच्या भरतीत सरासरी १.१२ मीटरांचा फरक पडतो. मध्यम तीव्रतेच्या वादळी फुगवट्याएवढाच हा फरक असल्याने, वादळ कोणत्या तिथीला येते याला व्यवहारात मोठे महत्त्व आहे.

## भरतीची उंची आणि लाटेची उंची

पावसाळ्यात वृत्तपत्रांतून 'समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार' अशा आशयाचा मजकूर अनेकदा येतो. पुष्कळदा हा आकडा लाटेचा नसून भरतीच्या कोष्टकातील पाण्याच्या पातळीचा असतो. मुंबईत साडेचार मीटरांची भरती म्हणजे समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा सुमारे दोन मीटर वर आलेले पाणी. अशा भरतीच्या दिवशी वारा नसेल तर समुद्र पूर्ण शांत असू शकतो. याउलट भांगाच्या दिवशी कोष्टकात लहान आकडा असतानाही समुद्रात उंच लाटा असू शकतात.

हा फरक न समजल्यास दोन्ही बाजूंनी धोका संभवतो. कोरड्या हवेतील मोठ्या भरतीच्या दिवशी काही न घडल्याने लोकांचा इशाऱ्यांवरील विश्वास कमी होतो. कोष्टकातील लहान आकडा पाहून समुद्रात किंवा खडकांवर जाणारे लोक लाटांच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतात. भरतीची पातळी व लाटेची उंची यांची सरळ बेरीज करणेही बरोबर नाही, कारण लाटेची उंची शिखरापासून तळापर्यंत मोजली जाते आणि लाट उथळ पाण्यात बदलत जाते.

बृहन्मुंबई महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ४.५ मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. त्या वेळी जोरदार पाऊस पडला तर सखल भागांतील पाण्याचा निचरा होणार नाही, हा या यादीचा मुख्य अर्थ आहे.

## लाटांचा पूर्वअंदाज

लाटांचा अंदाज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) देते. ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली असून ती केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. वाऱ्यांच्या अंदाजावरून संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने लाटांची उंची, दिशा व आवर्तकाल काढला जातो, आणि समुद्रात नांगरलेल्या तरंगमापक बोयांच्या नोंदींशी तो पडताळला जातो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वर्सोवा व रत्नागिरी येथे अशा बोया आहेत.

दूरच्या लाटा काही दिवस आधी सांगता येतात, कारण त्यांचा वेग आवर्तकालावर अवलंबून असतो. खोल समुद्रात १८ सेकंदांच्या लाटांच्या दोन शिखरांमध्ये सुमारे ५०० मीटर अंतर असते आणि त्यांची ऊर्जा ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने पुढे जाते. ४५ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास निघालेल्या अशा लाटेला रत्नागिरीपर्यंतचे सुमारे ६,९०० किलोमीटर अंतर कापण्यास साडेपाच ते सहा दिवस लागतात. त्याच वादळातून निघालेल्या १२ सेकंदांच्या लाटांचा वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर असल्याने त्यांना आठ दिवसांहून अधिक काळ लागतो. म्हणून किनाऱ्यावर प्रथम लांब आवर्तकालाच्या, उंचीने लहान वाटणाऱ्या लाटा पोहोचतात आणि नंतर कमी आवर्तकालाच्या लाटा येतात.

स्वेल लाटांच्या इशाऱ्यातील उंचीचा आकडा अनेकदा लहान असतो. ४ व ५ मे २०२४ रोजी मुंबईसह पश्चिम किनाऱ्यासाठी दिलेल्या इशाऱ्यात ०.५ ते १.५ मीटर उंचीच्या लाटा अपेक्षित असल्याचे म्हटले होते. लांब आवर्तकालाच्या लाटेत मात्र तेवढ्याच उंचीच्या साध्या लाटेपेक्षा पुष्कळ अधिक पाणी व ऊर्जा असते. उथळ पाण्यात आल्यावर ती उंचावते व पुळणीवर दूरवर चढते. दोन मोठ्या लाटांमध्ये शांततेचा काळही जातो, आणि पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या व्यक्तीला धोका कमी वाटतो. स्वेल लाटांमुळे येणाऱ्या पाण्याच्या चढावासाठी इन्कॉइसने २०२० मध्ये स्वतंत्र पूर्वअंदाज सेवा सुरू केली.

## चक्रीवादळाचा इशारा व बावटे

चक्रीवादळाचा इशारा भारतीय हवामानशास्त्र विभाग देतो. इशाऱ्याचे चार टप्पे आहेत. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, किमान ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, किमान २४ तास आधी वादळाचा इशारा आणि सुमारे १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यानंतरच्या स्थितीचा अंदाज दिला जातो. यात वाऱ्याचा वेग, पाऊस आणि भरतीच्या पातळीवर चढणाऱ्या फुगवट्याची अपेक्षित उंची सांगितलेली असते. फुगवट्याचा आकडा 'भरतीच्या वर' असा असल्याने त्या तासाची भरती माहीत असल्याखेरीज एकूण पातळी कळत नाही.

बंदरांवर जुन्या पद्धतीप्रमाणे क्रमांकाचे बावटे दिवसा व दिवे रात्री लावले जातात. एकूण अकरा संकेत आहेत. कोकणात 'दोन नंबरचा' व 'तीन नंबरचा बावटा' हे शब्द सर्वपरिचित आहेत. दोन क्रमांकाचा बावटा समुद्रात दूर वादळ असल्याचे, तर तीन क्रमांकाचा बावटा खुद्द बंदर परिसराला वादळी वाऱ्याचा धोका असल्याचे दर्शवितो. आठ ते दहा हे मोठ्या धोक्याचे संकेत असून अकरावा संकेत हवामान केंद्राशी संपर्क तुटल्याचे सांगतो.

## उल्लेखनीय घटना

घटकांचा मेळ किंवा बेमेळ कसा परिणाम करतो, हे पुढील घटनांवरून दिसते.

२६ जुलै २००५, मुंबई : सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते, तरीही दुपारी ३ वाजून ५० मिनिटांची भरती ४.४८ मीटरांची होती. पावसाचा जोर व भरती एकाच वेळी आल्याने शहरातील पाण्याला समुद्रात जाण्याची वाट उरली नाही. समुद्रात कोणतेही चक्रीवादळ नव्हते.

११ नोव्हेंबर २००९, फयान : हे चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. कृष्ण अष्टमी नुकतीच होऊन गेली होती व भरती भांगाची होती. मासेमारीचा हंगाम चालू असल्याने मोठी हानी समुद्रातील नौकांची झाली. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मच्छीमार यात मृत्युमुखी पडले.

३ ते ५ डिसेंबर २०१७, ओखी : वादळ किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर होते. ३ डिसेंबरला पौर्णिमा होती आणि ४ डिसेंबरला चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ होता. मोठ्या उधाणावर वादळातून आलेल्या लाटा स्वार झाल्या आणि सिंधुदुर्गात मालवण, देवबाग परिसरात, तसेच गोव्याच्या पुळणींवर समुद्राचे पाणी आत शिरले.

३ जून २०२०, निसर्ग : अलिबागच्या दक्षिणेस दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान हे तीव्र चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह जमिनीवर आले. पौर्णिमेला दोन दिवस उरले होते, म्हणजे भरती उधाणाकडे झुकलेली होती. सकाळची भरती ओसरू लागल्यावर वादळ किनाऱ्याला टेकल्याने फुगवटा व पूर्ण भरती यांची गाठ पडली नाही. श्रीवर्धन, मुरुड व दापोली परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या व घरांची हानी प्रामुख्याने वाऱ्याने झाली.

१७ मे २०२१, तौक्ते : अतितीव्र चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून उत्तरेकडे गेले व रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आले. त्या दिवशी वैशाख शुक्ल पंचमी होती. पाऊणकीने भरतीची वेळ पावणेचार येते, आणि मुंबईची दुपारची भरतीही त्याच सुमारास होती. तिथी भांगाकडे झुकलेली असूनही लाटांनी गेटवे ऑफ इंडिया येथील संरक्षक कठड्याची मोडतोड केली. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात २६१ जण असलेला पी-३०५ हा तराफा बुडाला व त्यात मोठी जीवितहानी झाली.

२२ जुलै २०२१, चिपळूण : सह्याद्रीतील अतिवृष्टीमुळे वाशिष्ठी नदीला महापूर आला. पौर्णिमा दोन दिवसांवर असल्याने खाडीतील भरती मोठी होती व पुराच्या निचऱ्याला अडथळा झाला.

## उपयोग

### मुंबईचा निचरा

मुंबईतील पर्जन्यजल वाहिन्या समुद्र, खाडी व नद्यांना १८६ मुखांतून मिळतात. त्यांपैकी ४५ मुखे समुद्राच्या सरासरी पातळीच्या खाली, १३५ सरासरी पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली, तर केवळ सहा मुखे भरतीच्या पातळीच्या वर आहेत. भरतीच्या वेळी त्यामुळे नैसर्गिक निचरा जवळजवळ थांबतो. यावर उपाय म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध येथे उदंचन केंद्रे उभारण्यात आली. तेथे भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून पाणी पंपांनी समुद्रात सोडले जाते.

### खारभूमी

कोकणात खाडीकाठची सखल शेते मातीच्या खारबंधाऱ्यांनी समुद्रापासून राखलेली आहेत. पावसाचे पाणी बाहेर जावे व भरतीचे पाणी आत येऊ नये यासाठी बंधाऱ्याला झडपेची दारे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. गोव्यातील खाजन शेतीत त्यांना मानस असे नाव आहे. उधाणाच्या भरतीवर लाटांचा मारा झाल्यास बंधाऱ्याला खांड पडते आणि खारे पाणी शेतात शिरते. क्षार धुऊन निघण्यास अनेक पावसाळे जावे लागत असल्याने एका भरतीचे नुकसान शेतकऱ्याला वर्षानुवर्षे सोसावे लागते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेपूर्वी बंधाऱ्याची पाहणी करून कमकुवत जागा मातीने भरणे आणि उघाडीची दारे तपासणे हे पूर्वअंदाजाचे सर्वांत जुने प्रत्यक्ष उपयोजन ठरते.

### मासेमारी

पालघर, मुंबई व रायगडच्या किनाऱ्यावरील डोल जाळी समुद्रात बांधून ठेवलेली असतात आणि त्यांत मासळी भरती-ओहोटीच्या प्रवाहाने येते. त्यामुळे कोळी समाजात उधाण व भांग यांचा हिशेब रोजच्या कामाचा भाग आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्याची प्रथा आहे. फयान, ओखी व तौक्ते ही तिन्ही वादळे बंदीच्या काळाबाहेर आली होती. बंदीच्या तारखा वादळापासूनच्या संरक्षणास पुरत नाहीत आणि समुद्रात असलेल्या नौकेपर्यंत इशारा पोहोचणे निर्णायक ठरते, हे त्यावरून दिसते.

## अंतर्भागातील पूर-अंदाजाशी तुलना

समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांतही पूर-अंदाजाचे तत्त्व काही अंशी असेच आहे. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या पुराचा आगाऊ अंदाज पैठण येथील जायकवाडी धरणातून सोडलेला विसर्ग, वाटेतील ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल व डिग्रस हे बंधारे आणि मधल्या खोऱ्यातील पाऊस यांवरून बांधता येतो. धरणातील विसर्ग आधी कळतो, स्थानिक पाऊस ऐनवेळी कळतो. पूर्णा नदी याच जिल्ह्यात गोदावरीला मिळते. गोदावरीची पातळी उंच असेल तर पूर्णेचे पाणी मागे तुंबते. भरतीने खाडीतील पूर अडावा, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की भरती ठरलेल्या वेळी सहा तासांत ओसरते, तर मोठ्या नदीची पातळी उतरण्यास दिवस लागू शकतात.

## मर्यादा

भरतीचे कोष्टक शांत हवामान गृहीत धरून केलेले असते. पावसाळ्यातील सततचा वारा, हवेचा दाब व नद्यांचे पाणी यांमुळे प्रत्यक्ष पातळी त्याहून काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटर वेगळी असू शकते. कोष्टक ठरावीक बंदरांचे असते. खाडीच्या आत भरती उशिरा पोहोचते व तिची उंची बदलते. लाटांचा अंदाज मोठ्या पट्ट्यासाठी दिला जातो, पण एखाद्या गावी पाणी आत येईल की नाही हे पुळणीचा उतार, वाळूच्या टेकड्या, कांदळवन व संरक्षक बंधारे यांवर अवलंबून असते. कर्ली नदी व समुद्र यांच्या मधील अरुंद पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावी दोन्ही बाजूंनी पाणी असते, आणि थोड्या फरकानेही परिणाम बदलतो.

चक्रीवादळाचा मार्ग आता तीन दिवस आधी पुष्कळ अचूक सांगता येतो, परंतु ते जमिनीवर येण्याच्या वेळेत तीन-चार तासांचा फरक राहू शकतो. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंतचा काळ सुमारे सव्वासहा तासांचा असल्याने एवढ्या फरकाने पूर्ण भरतीच्या जागी अर्धी ओहोटी किंवा त्याउलट स्थिती येते. त्यामुळे इशारा देणाऱ्या यंत्रणा सामान्यतः वाईट शक्यता, म्हणजे पूर्ण भरती, गृहीत धरून स्थलांतराचा निर्णय घेतात.

हवामान बदलामुळे जुन्या मर्यादाही सरकत आहेत. हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. अलीकडच्या दशकांत अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या व तीव्रता वाढल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. आधारपातळी वर गेल्याने पूर्वी केवळ उधाणात बुडणारी जागा पुढे मध्यम भरतीतही बुडू शकते. म्हणून ४.५ मीटरसारख्या इशाऱ्याच्या मर्यादा, उघाडींची उंची व खारबंधाऱ्यांचा माथा यांचे वेळोवेळी पुनर्मापन आवश्यक असते.